ई. शिक्षिका

माझे वडील अदालतीत मुतर्जिम होते, म्हणजे भाषांतरकार. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत असत. निजामाचं राज्य गेलं तरी जमिनीचे खटले काही गेले नाहीत, त्यामुळे जुने उर्दू कागद इंग्रजीत करून देणारा माणूस अदालतीला पुढे कितीतरी वर्षं लागत राहिला. बाबांनी जन्मभर तेच केलं. घरात मराठी, शाळा उर्दू, बाजारात तेलुगू आणि कचेरीत इंग्रजी, अशा चार भाषांत त्यांचं आयुष्य गेलं. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत जुने लोक त्यांना अजून मुतर्जिमसाब म्हणतात.

मी इतिहास शिकवते, एका डिग्री कॉलेजात. पीएच.डी. राहून गेली होती. ती एकेचाळिसाव्या वर्षी सुरू केली, कारण त्याशिवाय बढती नाही असं प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. तोवर आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात मी आणि बाबा दोघंच होतो. विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही. माझे गाइड तिथले वरिष्ठ प्राध्यापक होते. तेलुगू, हळू आवाजात बोलणारे, विद्यार्थ्यांत फार आवडते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते आणि इकडच्या रीतीप्रमाणे मला ‘अम्मा’ म्हणत.

विषय त्यांनीच सुचवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांनी ते मला पुष्कळदा ऐकवलं. ते म्हणाले होते की इथे मराठी मुलींच्या शाळा होत्या, त्यांच्याकडे कुणी नीट पाहिलेलं नाही. ते कागद मला वाचता येत नाहीत, तुम्हाला येतात. निजामाच्या राज्यात या शहरातल्या मराठी मुली कशा शिकल्या, हा विषय ठरला. मी घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, उर्दू फायली माझ्याकडे आण, तुझ्या सरांपेक्षा मी स्वस्त पडेन.

तिसऱ्या महिन्यात सरांनी आम्हा सगळ्या संशोधकांना बोलावून सांगितलं की संदर्भ यापुढे वहीत लिहायचे नाहीत, त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, ते घ्यायचं. मी तोवर संदर्भ कार्डांवर लिहून बुटांच्या खोक्यात रांगेने लावून ठेवत असे. सरांनी ते खोकं पाहिलं होतं आणि कौतुकानेच म्हणाले होते की हे म्युझियमला देऊन टाका.

सॉफ्टवेअर मला शिकवलं सरांच्याच हाताखालच्या एका मुलीने. ती माझ्याहून सतरा वर्षांनी लहान होती, लांबच्या एका लहान गावातून आलेली. तारनाक्याला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि मला अक्का म्हणायची. दर शनिवारी दुपारी ती आमच्याकडे यायची, जेवायची आणि मग आम्ही लॅपटॉप उघडून बसायचो. इंग्रजी लेख असला की तो आत ओढायचा, लेखकाचं नाव, वर्ष, पानं, सगळे रकाने आपोआप भरत. मराठी आणि उर्दू पुस्तकांचं काहीच आपोआप होत नसे, ते सगळं रोमन लिपीत हाताने टाइप करावं लागे. पण एकदा भरलं की लिहिताना नुसतं बटण दाबायचं, तळटीप हजर. दुसरं बटण दाबलं की शेवटी सगळी संदर्भसूची अक्षरवार लागलेली. पहिल्यांदा ती सूची अशी लागली तेव्हा मी त्या मुलीला पुसून पुन्हा करून दाखवायला लावलं होतं. कार्डं अक्षरवार लावण्यात माझे किती रविवार गेले होते ते मलाच माहीत.

एक खोड मात्र त्या सॉफ्टवेअरला होती. नाव एकाच रकान्यात टाकलं की ते शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलायचं आणि आधीच्या शब्दाचं नुसतं पहिलं अक्षर ठेवायचं. तेलुगू लोकांत घराण्याचं नाव आधी येतं, त्यामुळे त्या मुलीचं स्वतःचं नावसुद्धा ते उलटं करायचं. ती हसून म्हणायची, त्याला काय माहीत अक्का, ते तिकडे अमेरिकेत बनलंय.

शंभरेक नोंदी झाल्या तेव्हा सरांनी त्या सॉफ्टवेअरमध्येच सगळ्यांचा एक ग्रुप काढला. सगळ्यांचे संदर्भ एका जागी आले म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते मला दिसेल, असं ते म्हणाले. मी माझ्या सगळ्या नोंदी ग्रुपमध्ये नेल्या. दोन जागी ठेवल्या की गोंधळ होईल म्हणून माझ्याकडच्या पुसून टाकल्या. हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. नीटनेटकं राहावं म्हणून मीच केलं.

मग चार वर्षं एकच क्रम चालला. तारनाक्याच्या अभिलेखागारात जाऊन मी शिक्षण खात्याच्या फायलींचे फोनवर फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला की बाबा भिंग घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे. ते उर्दू वाचत, जरा थांबत आणि थेट इंग्रजीत सांगत, मी टाइप करत असे. प्रत्येक नोंदीखाली टिपणासाठी जागा होती, तिथे मी हे सगळं साठवत गेले. बाबांचं इंग्रजी अदालतीतलं होतं. मुलींच्या शाळा तपासायला येणाऱ्या बाईसाठी उर्दूत एक शब्द होता, त्याला त्यांनी ‘ओव्हरसिअरेस’ असा शब्द बनवला. मी म्हटलं, असा शब्द इंग्रजीत नाही. ते म्हणाले, बाई होती ना? मग आहे.

तिसऱ्या वर्षी गौलीगुड्याहून बाबांच्या आतेभावाचा फोन आला. ते घर विकून मुलाकडे पुण्याला निघाले होते. माळ्यावर कागद आहेत, बघून घे, नाहीतर रद्दीवाल्याला देतो, म्हणाले. मी कॉलेजातून परस्पर गेले. धुळीच्या त्या ढिगात बहुतेक पंचांगं आणि पावत्या होत्या. त्यांच्यात एक पातळसं मराठी पुस्तक सापडलं. त्याला कव्हर नव्हतं. पहिली चार पानं नव्हती आणि शेवटचीही काही गेली होती. नाव, लेखक, छापखाना, वर्ष, कशाचाच पत्ता नव्हता.

घरी आल्यावर बाबांनी ते मोठ्याने वाचलं. एका मराठी मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईने आपल्या नोकरीची हकीगत लिहिली होती. पडदा लावलेल्या बैलगाडीतून ती सकाळी घरोघर जाऊन मुली गोळा करत असे. एखाद्या घरी दार उघडायचं नाही, मग गाडी बाहेर थांबवून ती त्या मुलीचं नाव घेत राहायची, घरच्यांना लाज वाटून मुलगी बाहेर येईपर्यंत. तपासणीला आलेली बाई उर्दूत विचारायची, मुली मराठीत उत्तर द्यायच्या आणि मधे ही शिक्षिका दोन्हीकडचं सांगायची. एका मुलीने चुकीचं उत्तर दिलं तर हिने तपासणीबाईला बरोबर उत्तर सांगून टाकलं होतं, आणि तेही तिने पुस्तकात लिहून ठेवलं होतं. बाबा तिथे वाचायचे थांबले. म्हणाले, ही आपल्या धंद्यातली होती.

दुसऱ्या दिवशी मी नोंद करायला बसले. शीर्षक मोकळं ठेवलं की तळटीप विचित्र येई, आणि सरांना ग्रुपमध्ये अर्धवट नोंद चालत नसे. बाबा म्हणाले, नाव नाही तर आपण ठेवू, लिही, ‘गौलीगुड्यातील एका शाळेची हकीगत’. आणि लेखिका? लिही, एक शिक्षिका. मी रोमन लिपीत तसं टाइप केलं आणि पुस्तकातला मजकूर बाबांनी इंग्रजीत सांगितला तसा एका टिपणात भरला. खाली दुसऱ्या टिपणात लिहिलं की हे नाव पुस्तकावर नाही, बाबांनी ठेवलंय, तात्पुरतं आहे, नंतर बदलायचं. बाकी सगळी टिपणं मी इंग्रजीत करत असे. हे तेवढं मराठीत लिहिलं, देवनागरीत. का, ते आता सांगता येत नाही. घरातली गंमत होती म्हणून असेल. त्या ग्रुपमध्ये मराठी वाचणारी मी एकटीच होते.

चौथ्या वर्षी सरांचं पुस्तक आलं. हैदराबाद संस्थानातल्या स्त्रीशिक्षणावर, इंग्रजीत. प्रकाशनाला मी दुसऱ्या रांगेत बसले होते. सरांनी मला सही करून प्रत दिली. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांचे एकत्र आभार मानले होते, आणि संदर्भसूची तयार केल्याबद्दल त्या तारनाक्याच्या मुलीचे नाव घेऊन. मराठी शाळांवर एक प्रकरण आहे हे मी अनुक्रमणिकेत पाहिलं. विषय मोठा होता, मराठी शाळा येणारच, असं वाटलं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले होते, त्यामुळे पुस्तक तसंच टेबलावर राहिलं. ते आधी बाबांनी उचललं.

रविवारची सकाळ होती. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बाबांनी बाहेरून विचारलं, ‘‘ही ई. शिक्षिका कोण गं?’’

मला कळेना. मी म्हटलं, कोण?

‘‘ई. शिक्षिका. बाईचं नाव दिसतंय. गौलीगुड्याच्या शाळेवर तिचं पुस्तक आहे म्हणतात तुझे सर.’’

मी हात न पुसताच बाहेर आले. तोवर बाबांनी मागची संदर्भसूची काढली होती. तिथे रोमन लिपीत ‘शिक्षिका, ई.’ आणि पुढे तिरप्या अक्षरांत ‘गौलीगुड्यातील एका शाळेची हकीगत’. बाबा आधी खूप हसले. अगं हे तर मी ठेवलेलं नाव, असं दोनदा म्हणाले. ‘एक’चा ई झाला आणि शिक्षिका आडनावाला गेली, आणि सरांनी त्या बाईवर दोन पानं लिहिली होती: ई. शिक्षिका असं म्हणते, ई. शिक्षिकेची दृष्टी अशी. मग बाबा पानं उलटू लागले आणि त्यांचं हसणं थांबलं. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. तिथे ‘ओव्हरसिअरेस’ होतं.

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी ते प्रकरण पुरं वाचलं. उर्दू फायलींतून बाबांनी सांगितलेली वाक्यं होती, काही जशीच्या तशी, काही जरा फिरवलेली. खाली तळटिपांत फायलींचे क्रमांक होते, मी शोधलेले. माझं नाव कुठे नव्हतं. बाबांचं असण्याचा प्रश्नच नव्हता. भाजी चिरून तशीच राहिली आणि आम्ही दोघं दहीभात खाऊन उठलो.

सोमवारी मी विभागात गेले. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी पुस्तक उघडून दाखवलं तेव्हा ते रागावले नाहीत. ग्रुप सगळ्यांचा असतो, म्हणाले. विषय मी दिला होता ना अम्मा? दिशा कुणाची होती? आणि तुमचा प्रबंध येईलच की. आता त्याला छापील पुस्तकाचा आधार मिळाला, हे तुमच्याच फायद्याचं आहे. हे सगळं इतकं सहज बोलले की क्षणभर मलाच वाटलं, आपण क्षुद्रपणा करतोय. मग मी म्हटलं की सर, ई. शिक्षिका नावाची बाईच नाही. तो शब्द नाव नाही. मराठीत त्याचा अर्थ नुसता ‘एक मास्तरीण’ असा आहे. आणि पुस्तकाचं नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं आहे.

कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘हे आणखी कुणाला सांगितलंत?’’

मी म्हटलं, नाही.

‘‘मग सांगू नका. ती नोंद तुम्ही भरली आहे. चूक तुमचीच दिसेल.’’

आवाज तोच होता, हळू. त्या खोलीतून बाहेर पडताना मी त्यांना ‘येते सर’ म्हटलं, याचा मला आजही राग येतो.

तिथून मी बसने तारनाक्याला गेले. ती मुलगी खोलीवर होती. तिने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. तिने काही लपवलं नाही. सरांनी तिला माझ्या फोल्डरमधल्या सगळ्या नोंदी आणि टिपणं एका फाइलमध्ये काढून द्यायला सांगितलं होतं, तिने ती दिली. मराठीत लिहिलेलं एक टिपण आलं होतं, ते वाचता येईना म्हणून तिने ते गाळलं. पुढे सर त्याचं काय करणार हे तिने विचारलं नाही. मी तिला म्हटलं की एवढंच विभागप्रमुखांसमोर सांगशील का? बाकी काही नको. ती म्हणाली, ‘‘अक्का, माझा व्हायवा पुढच्या महिन्यात आहे.’’

मी तशीच उठले. तिच्या जागी मी काय केलं असतं, ते पुढे वर्षभरात मला कळलंच. ती त्यानंतर शनिवारी आली नाही. आता ती दुसऱ्या शहरात कायम नोकरीत आहे.

एक गोष्ट तिनेच मला पूर्वी शिकवली होती, की प्रत्येक नोंद कधी भरली आणि कुणी भरली ते सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं. ती यादी छापून विभागप्रमुखांकडे न्यायची, असं मी ठरवलं. दोन दिवसांनी, कॉलेजला सुट्टी होती तेव्हा, लॅपटॉप उघडला. डाव्या बाजूच्या पट्टीत ग्रुप नव्हता. बंद करून पुन्हा उघडला, तरी नाही. मग ईमेल पाहिला. सरांचा सगळ्यांना पत्रवजा मजकूर आला होता: प्रकल्प पूर्ण झाल्यामुळे ग्रुप बंद करत आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद. ग्रुपबाहेर, माझ्या स्वतःच्या यादीत मधल्या काळात स्वतंत्र भरलेल्या अकरा नोंदी उरल्या होत्या. बाकी नोंदी, बाबांची सगळी भाषांतरं, चार वर्षांच्या सकाळी, गेल्या. प्रबंधाचा कच्चा मसुदा तेवढा माझ्याकडे होता आणि फोनवर फोटो होते.

विभागप्रमुखांकडे तरीही गेले. त्यांनी ऐकून घेतलं. पुरावा विचारला, तो माझ्याकडे नव्हता. तक्रार लेखी द्या, म्हणाले, पण मग गाइड बदलावा लागेल. नवीन गाइड या विषयाला इथे कोण आहे? तुमची मुदत वर्षभराने संपते. त्यांनी मला धमकी दिली असं म्हणता येणार नाही. जे होतं तेच त्यांनी सांगितलं. मी विचार करून कळवते असं म्हटलं. कळवलं नाही.

त्या वर्षी मी पुन्हा सगळं भरलं. बाबा पुन्हा भिंग घेऊन बसले, पण या वेळी फक्त जिथे मसुद्यात अडेल तिथेच. त्यांनी एकदाही मला तक्रार कर म्हटलं नाही आणि करू नको असंही म्हटलं नाही. मी पुस्तिकेच्या नोंदीत लेखक ‘अनामिक’ केला, शीर्षकाच्या जागी ‘शीर्षकपृष्ठ नसलेली मराठी पुस्तिका’ असं लिहिलं आणि प्रबंध सरांकडे दिला.

प्रबंध जमा करण्याआधी विद्यापीठात तो वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमधून काढतात. तीन दिवसांनी अहवाल आला. माझं चौथं प्रकरण, मराठी शाळांचं, पानंच्या पानं लाल झालं होतं. एका प्रकाशित पुस्तकाशी साम्य, असं त्यात म्हटलं होतं, आणि ते पुस्तक होतं सरांचं. ग्रंथालयातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं की असं नका करत जाऊ मॅडम, निदान गाइडचं तरी उचलू नये. त्या चांगल्या मनाने सांगत होत्या.

मार्ग सरांनीच काढून दिला. जिथे जिथे साम्य आहे तिथे माझ्या पुस्तकाचा संदर्भ द्या, म्हणजे प्रश्न मिटला. मी सॉफ्टवेअरमध्ये नवी नोंद केली, लेखकाच्या रकान्यात सरांचं नाव. मग प्रबंधातल्या प्रत्येक लाल ओळीशी कर्सर नेला आणि बटण दाबलं. एका बसण्यात काम झालं. हातांनी करावं लागलं असतं तर कदाचित मधे कुठेतरी थांबले असते.

सरांकडून प्रत परत आली तेव्हा पुस्तिकेच्या नोंदीला पेन्सिलीने गोल केलेला होता. शेजारी लिहिलं होतं की प्रकाशित ग्रंथात जसं आहे तसं ठेवावं, तफावत नको. जमा करण्याच्या अर्जावर त्यांची सही झाल्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नव्हता. मी ‘अनामिक’ पुसलं आणि ‘शिक्षिका, ई.’ लिहिलं.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक दुसऱ्या राज्यातून आले होते. म्हातारे, सौम्य गृहस्थ होते. त्यांना ते चौथं प्रकरणच सगळ्यांत आवडलं होतं. ई. शिक्षिका हे फार मोलाचं साधन आहे, म्हणाले, आणि कुतूहलाने विचारलं की ई म्हणजे काय? पूर्ण नाव मिळालं का? मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, ‘‘नाही सर. पुस्तिकेवर पूर्ण नाव नाही.’’

पुस्तिकेवर अर्धंही नव्हतं. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. अर्ध्या तासाने मला डॉक्टर म्हणून हाक मारून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी आपल्या घरून मिठाई आणली होती.

बांधलेली प्रत मी बाबांच्या हातात दिली. ऋणनिर्देशाची पहिलीच ओळ त्यांच्यावर होती, ती त्यांनी उभ्याउभ्या वाचली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ती प्रत घेऊन ते खुर्चीत बसले. दोन दिवस वाचत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती मिटून माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी कॉलेजला निघण्याच्या गडबडीत होते. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘आमच्या कामात नाव नसतंच, त्याचं मला काही नाही. पण चुकीच्या भाषांतराखाली मी कधी सही केली नाही.’’

मी म्हटलं, बाबा, मला बस गाठायची आहे.

त्या वेळी मला त्यांचा फार राग आला. तुमच्यामागे कुणी मुदत घेऊन उभं नव्हतं, तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता, असं सगळं बसमध्ये मनात बोलत राहिले. संध्याकाळी परत येईपर्यंत राग गेला होता आणि बोलायला काही उरलं नव्हतं. पुढे काही महिन्यांनी मी एका लेखासाठी अभिलेखागारातून थोड्या उर्दू फायली आणल्या आणि त्यांना वाचायला सांगितलं. ते म्हणाले, आता डोळे साथ देत नाहीत. मी बरं म्हटलं. उर्दू पेपर ते रोज सकाळी वाचतात, भिंगाशिवाय, आतल्या पानावरच्या बारीक बातम्यांसकट. तो लेख मी लिहिला नाही.

बढती मिळाली. सरांचं पुस्तक चाललं, आणि त्यातून ई. शिक्षिका पुढे गेली. इतरांच्या लेखांत मला ती तीनदा भेटली आहे. एकाने तर तिला सुधारक चळवळीतली बाई केलं आहे. ज्या खऱ्या बाईने गाडी थांबवून मुलींची नावं घेतली तिचं काय नाव होतं, ते आता कुणी शोधणार नाही, कारण नाव सापडलं आहे असं सगळ्यांना वाटतं. एकदा परदेशातल्या एका संशोधक मुलीने मला पत्र लिहून पुस्तिकेची प्रत मागितली. तिला खरं लिहावं म्हणून मी दोन वेळा बसले. खरं लिहायचं तर माझ्या प्रबंधात खोटं आहे हे आधी लिहावं लागतं. तिला उत्तर गेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात संशोधन-लेखनावर दोन दिवसांची कार्यशाळा झाली. संदर्भांचं सॉफ्टवेअर शिकवायचं काम माझ्याकडे होतं, कारण कॉलेजात ते मलाच सगळ्यांत चांगलं येतं. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर चर्चा झाली तेव्हा प्राचार्यांनी सरांचं नाव सुचवलं, आणि तुमचेच गाइड ना, असं माझ्याकडे बघून म्हणाले. मी हो म्हटलं. निमंत्रणपत्रही मीच लिहिलं.

सर निवृत्त झालेत, पण तब्येत छान आहे. संशोधनातल्या प्रामाणिकपणावर ते चाळीस मिनिटं बोलले आणि चांगलं बोलले. तरुण प्राध्यापक टिपणं घेत होते. मधेच त्यांनी माझ्याकडे हात करून सांगितलं की ही माझी विद्यार्थिनी, हिच्यासारखी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला. आभारप्रदर्शन माझ्याकडेच होतं. मी कागदावर लिहून आणलेलं वाचलं, त्यांच्या नावाआधी दोन विशेषणं लावली होती तीही वाचली, त्यांना शाल पांघरली आणि खाली बसले. जेवणाच्या वेळी ते माझ्या शेजारी आले, बाबांची तब्येत विचारली, माझा नमस्कार सांगा म्हणाले.

घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, कार्यक्रम कसा झाला.

‘‘चांगला झाला,’’ मी म्हटलं. नमस्कार सांगितला नाही. बाबांनी पेपरची घडी घातली आणि जेवायला काय आहे ते विचारलं.